आवतन म्या दिलं

१

जळकुकडी म्हणा मला. शेजारची पुतळाबाई तोंडावर म्हणती, तुम्ही पाठीमागं म्हणा. मी काय न्हाय म्हणत न्हाय. बाईनं सवतीवर जळावं, जावेवर जळावं, ते लोकांना पटतं. मी बैलावर जळले. आन् बैल मेल्यावर खेळण्यातल्या रणगाड्यावर जळले. हसा खुशाल. मी बी हसले होते एकदा, आन् तिथंच सगळं बिघडलं.

आमचे मालक मच्छिंद्र, सहकारी साखर कारखान्यात फिटर. शहाऐंशीचं साल होतं. लागोपाठ दुष्काळ, उसाचं टिपरू औषधाला न्हाय, त्यामुळं गाळप बंद. कारखान्यानं माणसं घरी बसवली, त्यात आमचे हे बी आले. वाशीपासून कोसभर आत आमचं गाव. माळवदाचं घर, घरात दोघंच. लग्नाला बारा वर्सं झाली, पाळणा काय हलला न्हाय. त्यावरनं ते मला कधी बोलले न्हाईत, एवढं खरं. पण बोलणंच मुळात कमी. जे काय बोलणं, चुचकारणं, ते बैलांशी.

दोन बैल होते, हरण्या आन् बाळ्या. हरण्या डाव्या बाजूचा, बाळ्या उजव्या. जोडीतल्या बैलाची बाजू एकदा ठरली की मरेस्तोवर बदलत न्हाईत. हरण्या लई गुणाचा, जू नुसतं दावलं की आपून होऊन मान खाली घालायचा. रानातनं आलं की मालक आधी त्यांचे खांदे तेलानं चोळायचे, मग हातपाय धुवायचे, मग माझ्याकडं बघायचे, तेबी भाकरी कुठंय म्हणून.

जेठात हरण्या गुरांच्या छावणीत मेला. हे गेले, आन् त्याच्या गळ्यातला चामडी पट्टा तेवढा घेऊन आले. बाळ्या एकटा दावणीला उभा राहिला. वैरणीला तोंड लावीना. म्या म्हणलं, "अहो, एकट्या बैलाला जू लागतंय व्हय? कळंबला माझ्या भावाकडं धाडा. ज्ञानोबाकडं कडबा हाय, तिथं जगंल तरी."

दोन दिवस ते बाळ्याचे खांदे चोळत बसले. तिसऱ्या दिवशी बाळ्याला घेऊन गेले आन् मोकळ्या हातानं परत आले.

खरं सांगते, कडब्याचं नुसतं निमित्त होतं. मला वाटलं, आता ह्या घरात चोळायला खांदे उरले ते माझेच.

२

तर कुठलं काय! महिन्याभरानं सोलापूरहून त्यांचा दोस्त गुंडाप्पा आला. आयटीआयला एकत्र होते, आता त्याचं तिकडं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पोत्यात गुंडाळून त्यानं एक हिरवं धूड आणलं होतं. दीड हात लांब, वीतभर उंच, वर तोफ. कुणा साहेबाच्या पोराचा जपानी रणगाडा. मोडला म्हणून दुकानात टाकला आन् पुन्हा कुणी न्यायलाच आलं न्हाय.

"मच्छिंद्र, तार न्हाय बघ याला," गुंडाप्पा म्हणला. "हे डबडं हातात धरायचं, ह्या दोन दांड्या हलवायच्या. रेडिओवर चालतंय. तू रिकामा हाईस, कर काय तरी."

झालं. मालकांनी धान्याच्या खोलीत बस्तान मांडलं. कणग्या रिकाम्याच होत्या, जागा भरपूर. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक, म्हणजे साना, त्यातून उजेडाचा एक पट्टा खाली पडतो, त्यात बसायचं आन् कानशीनं चाकं घासायची. आतली मोटर जळलेली, तर टेपरेकॉर्डरच्या दोन मोटरा बसवल्या. एरियल मोडकी, तर सायकलचा आरा लावला. सहा सेलांचं बळ पुरंना, तर आठ सेलांचं घर केलं. तोफेला छत्रीची नळी घातली. एक दिवस म्हणाले, "तेरखेड्याच्या फटाकेवाल्याकडनं चिमूटभर दारू आणली तर खरी उडंल."

म्या म्हणलं, "आणा की! माळवद उडालं की सान्याची बी गरज न्हाय."

सगळं जमलं, पण पट्टे जमंनात. चाकांवरचे रबरी पट्टे कुजलेले. सायकलच्या ट्यूबचे केले, ते निसटायचे. मग एका दुपारी बघते तर हरण्याचा गळपट्टा मांडीवर घेऊन बसलेले. मधोमध चिरला होता. आठ वर्सं त्या जनावराच्या घामानं मऊ झालेलं चामडं, ते चाकांवर असं बसलं की जणू मापाचंच.

तवापासून त्याला आवाज आला. कर्र... कर्र... कर्र... जू बसल्यावर येतो तसला.

अंगणात फिरवायला लागले की तोंडानं, "हो हो... थिर्र... हळू रं." माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द, आन् त्या पत्र्याला रं-बा करून बोलणं! पाण्याचा टँकर गावाबाहेर उभा राहायचा. घराघरातनं बापय माणसं कावड घेऊन यायची, आमच्या घरातनं मी. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. कावडीनं उजवा खांदा सोलून निघाला, तरी घरात कुणाला पत्ता न्हाय.

एक बारीक गोष्ट तेवढी राहून राहून आठवती. बाराच्या सुमाराला ते धूड अंगणात कुठंबी असलं तरी वळायचं आन् कोपऱ्यातल्या दगडी डोणीपाशी जाऊन थांबायचं. जनावरं पाणी प्यायची ती डोण, वर्सभर कोरडी पडलेली. मी विचारलं तर म्हणाले, "दांडी अडकती." मलाबी पटलं. हातानं केलेल्या वस्तूत काय ना काय खोट राहतीच.

३

पोळ्याच्या आदल्या दिवशी सांजच्याला खांदमळणी असती. बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकायचे, हळद-तेलानं मळायचे आन् हात जोडून आवतन द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बैल म्हणजे त्या दिवसाचा पाव्हणा. तो जेवल्याबिगर घरात कुणी घास घेत न्हाय.

त्या साली निम्म्या गावाच्या दावणी रिकाम्या. मी कावडीच्या चार खेपा करून आले. खांद्याला पदर लागला तरी जीव जात होता. धान्याच्या खोलीच्या दारात उभी राहिले आन् म्हणलं, "अहो, जरा ह्या खांद्याला तेल लावता का?"

मान वर न करता म्हणाले, "थांब जरा. हे होऊ दे."

आन् काय चाललं होतं? वाटीत शेवटचं राहिलेलं गोडंतेल बोटावर घेऊन ते रणगाड्याच्या चामडी पट्ट्यांना चोळत होते. हळू, अंगठ्यानं, कोपऱ्याकोपऱ्यात.

माझ्या अंगाची आग आग झाली. चुलीपाशी गेले, मूठभर हळद आणली. त्यांच्या हातातली वाटी हिसकावली आन् खाली बसून त्या डबड्याच्या दोन्ही बाजू हळद-तेलानं बरबटून टाकल्या. मग हात जोडले, चांगले डोक्यापर्यंत नेऊन.

"आज आवतन घ्या महाराज, उद्या जेवायला या!"

आन् हसले. खो खो हसले. ते हसले न्हाईत. त्यांच्या तोंडावरचा रंगच उतरला.

"मुक्ते, खांदमळणीचं आवतन थट्टेत देत नसतात."

"बैलाला देत नसतील. डबड्याला चालतंय की."

मी उठले. उठता उठता तोफ इतकुशी वळली, मी होते त्या अंगाला. माझाच पदर लागला असंल. पदरच लागला असंल.

४

सणाला सण म्हणून डब्याच्या तळाच्या डाळीचं पुरण शिजवलं. चार पोळ्या झाल्या. भर दुपारी आमी दोघं जेवायला बसलो, दोन ताटं. मालकांनी पहिला घास मोडला, आन् आतनं आवाज आला.

कर्र... कर्र...

धान्याच्या खोलीला हातभर रुंद, चार बोटं उंच उंबरा हाय. तो चढता यावा म्हणून महिनाभर मालकांनी डोकं लावलं होतं आन् रणगाडा दर वेळी नाक आपटून मागं घसरायचा. त्या दिवशी तो उंबऱ्यापाशी थांबला. पुढचा भाग उचलला. मग सावकाश, एकेक बाजू टेकत, वर चढून अलीकडं उतरला. सरळ येऊन मालकांच्या डाव्या हाताला थांबला.

मी म्हणलं, "वा! काय हिकमत केली? जमलं की."

म्या त्यांच्या हातांकडं बघितलं. दोन्ही हात ताटात. मग कोनाड्याकडं बघितलं. दांड्यांचं डबडं कोनाड्यात, बटण बंद.

"तुम्हीच काय तरी चावी लावून ठिवली असंल."

"म्या न्हाय."

"मग कुणी?"

"आवतन तू दिलंस," ते म्हणाले. उठून त्यांनी तिसरं ताट घेतलं. माझ्या ताटातली पोळी उचलून त्यात वाढली. त्यांच्या न्हाय, माझ्या ताटातली! ताट रणगाड्याच्या पुढं ठेवलं आन् हात जोडून बसून राहिले.

पत्रा काय जेवणार? तसंच बसलं होतं ते. मी भरल्या ताटावरनं उठून हात धुवायला परसात गेले. आले तर हे अंगणात विडी ओढत होते. ताटात पोळी होती तशी होती. फक्त कडेनं ओली झाली होती, गिळगिळीत. आन् ताटाच्या काठावरनं भुईवर लाळेची एक लांब तार पसरली होती.

मांजर असंल, म्या म्हणलं. ताट घासताना आठवलं, आमच्या आळीत मांजर उरलं न्हाय. आन् मांजराला कुठं एवढी लाळ असती?

५

पाव्हणा जेवला की निरोप घेतो. हा निरोप घेईना. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. ठरल्या वेळी कर्र कर्र, उंबरा, आन् त्यांच्या डाव्या हाताला. मी त्या जागी आधीच जाऊन बसले तर हे म्हणायचे, "तिकडं सरक, ती त्याची बाजू हाय." बारा वर्सांच्या बायकोला! कुठल्या बाजूला बसायचं ते मला डबड्यावरनं शिकवायचं!

मी सातवी शिकलेली हाय. सेल काढले की रेडिओ बंद पडतो एवढं मला कळतं. हे कारखान्यात घरी बसवलेल्यांच्या हजेरीला गेले त्या दिवशी म्या ते धूड उलटं केलं. खालचं झाकण उघडलं, आठही सेल काढले आन् ज्वारीच्या कणगीत तळाला जे काय दोन पायल्या उरलं होतं त्यात कोपरापर्यंत हात घालून गाडून टाकले. झाकण लावून जसंच्या तसं ठेवलं. दिवसभर इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम मोठ्या आवाजात बोलत वाढायला बसले. कर्र... कर्र...

नवे सेल आणले असतील. वाशीला काय, कुठल्याबी दुकानात मिळतात. मालक हात धुवायला उठले तशी म्या झडप घालून ते उलटं केलं आन् झाकण उघडलं. आत काय न्हाय. आठ रिकामी घरं आन् तळाला कोळ्याचं एक जाळं. बाजूंना माझ्या हळदीची पाची बोटं तशीच. पट्ट्याला हात लागला तर चामडं कोमट होतं, घामेजलेलं. उन्हातनं आलं असंल, म्हणलं. उन्हात ते गेलंच कधी?

पुतळाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझा नवरा कामाबिगर चळलाय आन् तू जळून जळून चळलीस. जा, भावाकडनं बाळ्याला आण परत. गोठ्यात जनावर आलं की दोघं बी ताळ्यावर याल."

ते मलाबी पटलं. राग गिळला आन् मालकांना विचारलं, "बाळ्याला आणू या का?"

"दिलेला बैल मागत नसतात." कानस थांबवून ते माझ्याकडं बघायला लागले. किती दिवसांनी असं बघितलं होतं. "आन् जोडी तू मोडलीस, मुक्ता. आता तो एकटा हाय."

"कोण एकटा?"

त्यांनी पुन्हा कानस सुरू केली.

६

पंधरा दिवसांनी दुपारी कावड उतरवून घरात आले. घरात गारवा होता, आवाज कसलाच न्हाय. धान्याच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं, फटीतनं उजेड दिसत होता. फटीला डोळा लावणं चांगलं न्हाय हे मला कळतं. लावला.

मालक उभे होते. रणगाडा त्यांच्या पायापाशी, भुईवर. तेलाची वाटी डाव्या हातात. आन् उजव्या हातानं ते चोळत होते, हवेत, छातीएवढ्या उंचीवर. हात पुढं न्यायचे, मागं आणायचे. बोटं वाकवलेली, तळवा भरलेला. मधेच दाब द्यायचे तर हात तिथंच थांबायचा, पुढं जायचा न्हाय. काय तरी आडवं असल्यासारखा.

सान्यातून उजेडाचा पट्टा येत होता, आन् दुष्काळाची धूळ, ती त्यात भरून तरंगत होती. फक्त त्यांच्या हाताखाली, भिंतीपर्यंत लांब, तेवढ्या जागेत धूळ नव्हती.

मला भ्या वाटायला पाहिजे होतं. वाटलं बी, पण नंतर. आधी वाटलं ते सांगते, लाज कशाची? आधी वाटलं, असा हात माझ्यावर एकदा तरी फिरवला का ह्या माणसानं? बघा कसा चोळतोय. जीव ओतून चोळतोय.

मग भिंतीला टेकवलेलं जू दिसलं. जुनंच आमचं, पण निम्मंच जुनं. डावी बाजू हरण्याची, घासून काळी पडलेली. उजवी बाजू कापून तिथं बाभळीचं नवं लाकूड जोडलं होतं, रंधा मारून गुळगुळीत केलेलं. मान अडकवायच्या दोन खुंट्या त्या बाजूला फार जवळ घेतल्या होत्या. बैलाची मान काय, गोऱ्ह्याची बी मावणार न्हाय तिथं.

वासराचं माप असंल, म्या स्वतःला सांगितलं. चुलीपाशी जाऊन कणीक मळायला घेतली. पाणी जास्त पडलं.

७

हस्ताचा पाऊस लागला आन् दोन दिवस बरा लागला. ज्वारी पेरण्याइतकी ओल झाली. गाव खडबडून उठलं. कुणाचा एक बैल, कुणाचा दुसरा, अशा सावडी ठरायला लागल्या. पुतळाबाईचा मालक आमच्याकडं येऊन गेला. "मच्छिंद्र, परवाच्याला माझी जोडी मोकळी हाय. तुझी तिफण जोडून पेरून घे."

हे म्हणाले, "नको दादा. आमची जोडी हाय."

तो माझ्याकडं बघत बघत गेला. मी खाली बघितलं.

त्या दिवशी सांजच्याला मी चुलीपुढं बसले होते. दार सताड उघडं, बाहेर अजून उजेड, पुतळाबाईच्या चुलीचा धूर दिसत होता. तिफण अंगणात काढून ठेवलेली, तिच्यावर जू आडवं. मी विचारलं, "उद्या कुणाचे बैल आणताय?"

पाठीमागं पातेल्याचा आवाज झाला. मग ऊन पाण्याचं फडकं माझ्या उजव्या खांद्यावर टेकलं, कावडीनं घट्टा पडला होता नेमकं तिथं.

मालक माझ्या मागं बसले होते. फडक्यानं शेकलं. मग हळद-तेलाचा हात ठेवला. आधी उजवा खांदा, मग मानेखालनं पाठीपर्यंत, अंगठ्यानं, कोपऱ्याकोपऱ्यात. बारा वर्सं झाली होती. मी कुठं बघू आन् काय करू मला कळंना. डोळ्यातनं घळाघळा पाणी यायला लागलं. "अहो," म्हणलं आन् खांदा आणखी त्यांच्या हाताखाली सरकवला. इतकं सुख मला माझ्या हळदीत बी झालं नव्हतं.

कर्र... कर्र...

उंबरा चढल्याचा आवाज आला. उतरल्याचा आला. माझ्या डाव्या बाजूला येऊन तो थांबला. म्या वळून बघितलं न्हाय. भुईवर वीतभर उंचीचं डबडं असणार, दुसरं काय? पण श्वास माझ्या कानापाशी लागत होता. ऊन, दमट, भिजल्या कडब्याच्या वासाचा.

मालकांचे हात थांबले. ते पुढं आले, माझ्यासमोर बसले आन् हात जोडले. एवढ्या वर्सांत ज्या माणसानं मला अगं-तुगं करूनच हाक मारली, तो मऊ आवाजात म्हणाला,

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

उठता आलं असतं मला. दार उघडं होतं. एक हाक मारली असती तर पुतळाबाई लाटणं घेऊन धावली असती. पण मी उठले असते तर ते हात कुणाच्या खांद्यावर गेले असते, ते मला ठाऊक होतं. तो तिथंच उभा होता, डावीकडं, वाट बघत.

मालक अंगणात गेले आन् जू उचलून आत घेऊन आले. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते मला नुसतं दावलं.

म्या मान खाली घातली.